हिची प्रकृती

७ जानेवारी, मंगळवार

छापखान्यात चौतीस वर्षं मशीनची वही लिहिली. कुठल्या पाळीत किती ताव गेले, कुठे कागद फाटला, कुठला रोलर कुरकुरला. निवृत्त होऊन पाच आठवडे झाले आणि हाताला चैन पडत नाही. म्हणून ही वही. कागद छापखान्याचाच, कडा कापताना उरलेला. निघताना सोबत्यांनी गठ्ठा बांधून दिला होता.

लिहिण्याजोगं एकच आहे. ही बारीक होत चालली आहे. काल भांडी घासताना हिच्या बोटातली अंगठी गळून सिंकच्या जाळीत पडली. मी चिमट्याने काढून दिली. हिने ती बोटात न घालता कपाटातल्या डबीत ठेवली. म्हणाली, "साबण जास्त लागला असेल." पस्तीस वर्षं साबण लागतोच आहे.

डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर म्हणाली, "धाकटीबरोबर जाऊन आले की नोव्हेंबरात. अशक्तपणा आहे म्हणाले. वयाचं असतं." धाकटी म्हणजे माझी मेव्हणी, बसने वीस मिनिटांवर राहते. मी तेव्हा शेवटच्या पाळ्या उरकत होतो. हिने सांगितलं असेल, माझ्या कानामागे गेलं असेल.

११ जानेवारी, शनिवार

वाचनालयाच्या फळ्यावर कागद लावला होता: आयुर्वेदाची ओळख, दहा शनिवार, सकाळी दहा ते बारा. आज पहिला. वरच्या मजल्यावरची खोली, बाकं शाळेची, गुडघे वर येतात. आम्ही चौदा जण. शिकवणाऱ्या वैद्यबाई साठीच्या असतील, आवाज हळू, पण मागच्या बाकापर्यंत पोचतो.

त्या म्हणाल्या, "आधी एक सांगून ठेवते. इथून घरी जाऊन कुणाला औषध देऊ नका." सगळे हसले. मीही हसलो.

वात म्हणजे शरीरातली हालचाल. पित्त म्हणजे तापणं आणि पचवणं. कफ म्हणजे धरून ठेवणं, ओलावा, वजन. तिन्ही सगळ्यांच्यात असतात, पण प्रमाण प्रत्येकाचं वेगळं, आणि ते आईच्या पोटातच ठरतं. ती त्या माणसाची प्रकृती. ती बदलत नाही. आपण आपल्या प्रमाणापासून ढळलो की आजार. उपचार म्हणजे आपापल्या प्रमाणाकडे परत येणं, दुसऱ्याच्या नव्हे.

मला हे चटकन पटलं. मशीनवर शाई आणि पाणी यांचं असंच असतं. पाणी वाढलं की अक्षर फिकं पडतं, कमी झालं की सगळा ताव मळतो. आणि दोन नंबरच्या मशीनचं प्रमाण चार नंबरला कधी लागू पडत नाही. चौदा जणांत हे मला एकट्याला खरं कळलं असावं.

माझ्या बाकावर एक शिंपी बसतो. तो म्हणाला, "मी तिन्ही आहे. सकाळी कफ, दुपारी पित्त, आणि गिऱ्हाईक कपडे न्यायला आलं की वात."

१९ जानेवारी, रविवार

वैद्यबाईंनी प्रकृती ओळखण्यासाठी साठ प्रश्नांचा फॉर्म दिला आहे. स्वतःचा भरायचा होता. मी माझा दहा मिनिटांत भरला आणि एक कोरा हिच्यासाठी मागून आणला. जेवण झाल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. ही नको नको म्हणत बसली आणि मग तीन तास झाले.

केस लहानपणी दाट होते का. राग चटकन येतो की साचून. भूक लागली की थांबता येतं का. चाल भरभर की सावकाश. हिची उत्तरं मला माहीत आहेत असं मी धरून चाललो होतो आणि पेन्सिल आधीच टेकवत होतो. बऱ्याच ठिकाणी खोडायला लागलं.

"स्वप्नं कशाची पडतात?"

"तुम्हाला कशाला हव्यात माझ्या स्वप्नांच्या चौकशा?"

"फॉर्ममध्ये आहे."

मग म्हणाली, "पाण्याची. आई मला पोहायला न्यायची त्या तळ्याची."

हिला पोहता येतं हे मला माहीत नव्हतं.

बायकांसाठीच्या भागात गर्भधारणा किती असं होतं. तिथे मी न विचारताच एक लिहिलं. सातव्या महिन्यात गेलेलं आमचं मूल. त्याच्याबद्दल आम्ही बोलत नाही. हिने उलट्या बाजूने वाचलं आणि म्हणाली, "दोन लिहा."

"दोन कशा?"

"त्याच्या आधी एक. तिसऱ्या महिन्यात गेलं. तुमच्याकडे मतपत्रिका छापायला आल्या होत्या. तीन आठवडे तुम्ही तिथेच झोपत होतात. धाकटी होती माझ्याजवळ."

मी एकाचे दोन केले. मग पुढचा प्रश्न वाचला: घाम जास्त येतो की कमी.

गुण मांडून पाहिले. मूळ प्रकृती पित्त-कफ. आजची लक्षणं मात्र सगळी वाताची: वजन उतरणं, कोरडी त्वचा, पोट साफ नसणं, पाठदुखी, झोप तुटक. दोष सापडला. चार महिन्यांत पहिल्यांदा जीव भांड्यात पडला. कुठे बिघडलंय ते कळलं की दुरुस्ती होतेच.

२७ जानेवारी, सोमवार

आजपासून तक्ता सुरू. मोठ्या अक्षरांत काढून फ्रीजशेजारी लावला. आठ वाजता, साडेबाराला, सातला जेवण. सगळं ऊन, मऊ, तुपाचं. कोरडं, कच्चं, गार, आंबट बंद. बिस्किटं बंद. टोमॅटो बंद. रोज सकाळी तिळाच्या कोमट तेलाने मालिश.

"आणि माझी कॉफी?" हिने विचारलं. सकाळची कॉफी हिची एकटीची असते. खिडकीशी उभी राहून पिते, तोवर कुणी बोललेलं चालत नाही.

"कॉफीने वात भडकतो."

"बरं."

एवढंच. पस्तीस वर्षांत हिने माझं काही इतक्या सहज ऐकल्याचं आठवत नाही. खरंच मनावर घेतलेलं दिसतंय.

२ फेब्रुवारी, रविवार

मालिश जमू लागली आहे. पहिले दोन दिवस दोघंही अवघडलो होतो. दिवसाउजेडी, पडदा ओढून, एकमेकांकडे न बघता. आता ही पालथी पडते आणि मी खांद्यापासून सुरू करतो. बरगड्या बोटांना एकेक लागतात. पाठीत मधोमध, जरा डावीकडे, हात गेला की म्हणते, "तिथे नको." वाताचं दुखणं असंच जागा धरून बसतं, मी वाचलं आहे. मी तिथून हात फिरवून घेतो.

आज हिला मध्येच झोप लागली. मी पावलांपर्यंत गेलो आणि पुन्हा वरून सुरू केलं. वीस मिनिटं करायचं ते पाऊण तास झालं. हिच्या डाव्या टाचेला जुनी जखम आहे. कशाची ते विचारायचं राहिलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

फरक दिसतो आहे, नोंदवून ठेवतो.

एक, दुपारी गाढ झोप लागते, दोन-दोन तास. ऍसिडिटीची म्हणून एक पांढरी गोळी शिवणाच्या डब्यातून काढून घेते, तेवढी सोडली तर औषध काही नाही. दोन, सकाळी उत्साह आहे. हिने तीन दिवसांत सगळी कपाटं उपसून लावली. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी चिकटवली. विजेचं, पाण्याचं कुठे काय भरायचं ते एका वहीत लिहून काढलं. जुने कपडे वाटून टाकले. तीन, मला स्वयंपाक शिकवते आहे. "तक्ता तुमचा, तर हातही तुमचेच लागू देत." भात उतू न जाता कसा करायचा, कणीक किती सैल, काल तर शर्टाचं बटण लावायलाही बसवलं. मी म्हटलं, बटणाचा आणि वाताचा काय संबंध. हसली आणि हसता हसता पोटाशी हात धरून बसली.

पोट मात्र साफ होत नाही. तूप एक चमचा वाढवलं. जेवल्यावर न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बराच वेळ बसते. स्वच्छतेची ही नवीच सवय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हिचे दोन झगे ढिले झाले म्हणून शिंप्याकडे नेले. त्याने जुन्या शिवणीवर मापाची पट्टी धरली, हिने आत टाचण्या लावल्या होत्या त्या पाहिल्या आणि पट्टी गळ्यात टाकून माझ्याकडे बघत राहिला.

"दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं आत घ्यायचीत. केव्हापासून?"

"सहा-सात महिने. वात आहे. तेल चालू आहे."

"वहिनींना कुठे दाखवलंत का?"

मी म्हटलं, नोव्हेंबरात दाखवलं. त्याने टाचण्या पुन्हा नीट लावल्या. झगे घेतले आणि म्हणाला, "शिवण कापत नाही, नुसती दुमडतो. पुन्हा भरल्या तर सोडता येईल." माणूस चांगला आहे, पण वर्गात त्याचं लक्ष नसतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

वर्ग सुटल्यावर वैद्यबाईंना माझ्या नोंदी दाखवल्या. शाबासकीची अपेक्षा होती हे कबूल करतो. त्यांनी उभ्याउभ्याच दोन पानं वाचली आणि मग खाली बसून पुन्हा वाचली.

"वजन किती उतरलं?"

"चौदा किलो. पण आता उतरायचं थांबत आलंय."

"मोजलंत?"

तक्ता सुरू केल्यापासून मोजलं नव्हतं.

"असं वजन उतरतं तेव्हा फॉर्मच्या गुणांवर विसंबायचं नसतं. रक्ताच्या, पोटाच्या तपासण्या लागतात. आधी त्या करा आणि त्यांना मला दाखवायला आणा. तक्ता तूर्त थांबवा."

मी हो म्हटलं. मनातून उतरल्या. स्वतःच्या शास्त्रावर विश्वास नसल्यासारखं बोलल्या.

घरी येऊन हिला सांगितलं. ही वाटाणे सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, "तपासण्या झाल्यात सगळ्या. नोव्हेंबरातच. काही निघालं नाही."

"मग त्यांना दाखवून तरी येऊ."

"येऊ की. हे थंडीचे दिवस संपू देत."

आणि मग म्हणाली, "तुमचं तेल मात्र बंद करू नका."

तपासण्या झाल्याच आहेत तर तक्ता थांबवायचं कारण नाही. चालू ठेवला.

८ मार्च, शनिवार

आजचा वर्ग जड होता. रोगांचे प्रकार. काही साध्य, म्हणजे बरे होणारे. काही असे की बरे होत नाहीत, पण पथ्यपाणी आहे तोवर माणूस तगतो. आणि काही असाध्य. वैद्यबाई म्हणाल्या की असाध्य ओळखता येणं हीसुद्धा विद्याच आहे, कारण तिथे वैद्याने हट्ट धरला तर रोग्याचे उरलेले दिवस वैद्याच्या समाधानासाठी खर्च होतात. तिथे वेदना कमी करायच्या, हवं ते द्यायचं, जवळ बसायचं.

शिंप्याने विचारलं, "रोग्याला सांगायचं की नाही?"

"बहुतेक वेळा त्याला आधी कळलेलं असतं," त्या म्हणाल्या.

सगळं नीट उतरवून घेतलं. आपल्याला त्याची गरज नाही, पण माहिती असावी.

१९ मार्च, बुधवार

बुधवारी धाकटी येते आणि दोघी बागेत जातात. आज दोघी परत आल्या तेव्हा दारात उजेड हिच्या तोंडावर होता. डोळे पिवळे दिसले. मी खिडकीशी नेऊन खालची पापणी ओढून पाहिली. पिवळेच. हात खाजवून लाल झालेत.

मी म्हटलं, "पित्त उसळलंय. मीच ऊन ऊन घालून उसळवलं. प्रमाण चुकलं माझं."

धाकटी एकदम भिंतीकडे वळली. रडत होती की काय कळलं नाही. ही तिला म्हणाली, "तू जा आता, तुझी बस जाईल." बसला अजून वेळ होता.

तक्ता बदलला. तिळाऐवजी खोबरेल. तूप तसंच, ते पित्तालाही चालतं.

२९ मार्च, शनिवार

वर्ग पंधरालाच संपले. तरी आज वाचनालयात जाऊन वैद्यबाईंची वाट पाहिली. दुसरी तुकडी सुटल्यावर त्या जिना उतरताना त्यांना गाठलं. हिचे डोळे, खाज, लघवीचा गडद रंग सांगितला. तपासण्या केल्या का, त्यांनी विचारलं. हिने काय सांगितलं ते सांगितलं.

त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "उद्या पाचला येते मी," म्हणाल्या. पत्ता लिहून घेतला.

आता ही नाही म्हणू शकणार नाही.

३० मार्च, रविवार

जे झालं ते झालं तसं लिहितो.

वैद्यबाई पाचला आल्या. ही खाटेवर उशीला टेकून बसली होती. वैद्यबाईंनी हिचा हात हातात घेतला, मनगटावर तीन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. बराच वेळ. मग मला म्हणाल्या, "थोडं पाणी कोमट करून आणता?" मी स्वयंपाकघरात गेलो. पाणी तापत होतं तोवर आतून हिचा आवाज येत होता, सलग, हळू. हिला इतकं बोलताना कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. मी पाणी नेलं तेव्हा ते कुणालाच नको होतं.

निघताना वैद्यबाई माझ्यामागे स्वयंपाकघरात आल्या. तक्ता वाचला. "हा काढून टाका," म्हणाल्या. "त्यांना जे खावंसं वाटेल ते द्या. नाही खाल्लं तर आग्रह करू नका."

"मग पित्ताचं काय?"

"त्यांना विचारा. मी सांगणं बरोबर नाही."

त्या गेल्यावर खुर्ची ओढून हिच्याजवळ बसलो. हिने स्वतःच सुरुवात केली.

"स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. यकृतात पसरलाय. अठरा नोव्हेंबरला कळलं."

मी ती तारीख धरून बसलो. अठ्ठावीसला माझा निरोप समारंभ होता. ही पहिल्या रांगेत बसली होती आणि माझ्या भाषणाला हसली होती.

"सहा महिने म्हणाले. औषधं टोचून घेतली तर आठ. मी नको म्हटलं."

"मला न विचारता."

"हो."

"का?"

"तुम्ही मला मशीनसारखं उघडून बसला असतात." मग म्हणाली, "तसे बसलातच म्हणा. पण निदान तेल कोमट होतं."

मी विचारलं, त्या पांढऱ्या गोळ्या? दुखण्याच्या, जबरी. झोप त्यांची, पोट साफ न होणं त्यांचं. न्हाणीघरातला नळ? तूप पचत नव्हतं, उलटी व्हायची, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मी वहीत फरक म्हणून जे जे लिहिलं होतं ते एकेक करून हिने परत घेतलं. शांतपणे. चिडली असती तर बरं झालं असतं.

"मग तू हे सगळं करू का दिलंस?"

"आधी वाटलं, करू दे, रिकामे बसण्यापेक्षा बरे. मग तुम्ही ते प्रश्न घेऊन बसलात. माझ्या आईनंतर मला एवढं कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, चालू दे."

"आणि जेवण?"

"जेवण वाईट होतं," ही म्हणाली. "फार वाईट. सकाळी उठले की कॉफीची आठवण यायची. धाकटीने दोनदा बागेपाशी पाजली, पण दुसऱ्या खेपेला तोंडाची चवच गेलेली होती."

मी उठून तक्ता काढला. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंगही निघाला.

२ एप्रिल, बुधवार

दोन दिवस हिच्याशी बोललो नाही. पाणी दिलं, गोळ्या दिल्या, चादर बदलली. बोललो नाही. खरं लिहायचं तर हिच्या मरणापेक्षा मला फसवलं याचाच राग जास्त होता. चार महिने मी या घरातला एकटाच वेडा.

आज धाकटी आली. मी तिला दारातच अडवलं. "तू इतके दिवस माझ्या तोंडावर हसत होतीस."

"हसत नव्हते, भाऊजी. तुम्ही बघत नव्हतात." पिशवी खाली ठेवून म्हणाली, "दोनदा सांगायला आले होते. दोन्ही वेळा तुम्ही मला तक्ता समजावून सांगितलात."

मी दारातून बाजूला झालो.

"रुसायचं असेल तर नंतर रुसा. तिच्याकडे तेवढा वेळ नाही."

आत जाऊन बसलो. ही म्हणाली, "संपलं का?" मी म्हटलं, संपलं. संपलं नव्हतं, पण बसून राहिलो.

९ एप्रिल, बुधवार

इस्पितळाची नर्स दिवसाआड येते, वैद्यबाई रविवारी येतात. मला वाटलं होतं दोघींचं पटणार नाही. दोघी मिळून हिला कुशीवर वळवतात आणि उशा कुठे लावायच्या त्यावर बोलतात.

काल कॉफी केली, हिच्या पद्धतीने, कडक. हिने दोन्ही हातांत कप धरून वास घेतला, एक घोट घेतला आणि कप परत दिला. "लोखंडासारखी लागते," म्हणाली. "तुम्ही प्या." मी हिच्यासमोर सगळी प्यायलो.

रोज विचारतो काय खावंसं वाटतं. रोज काहीतरी सांगते, बहुधा माझ्यासाठी. करून आणतो. दोन चमचे.

२१ एप्रिल, सोमवार

मालिश आता नुसती पावलांना आणि हातांना. दाब द्यायचा नाही, तेल पसरवायचं फक्त, असं वैद्यबाईंनी दाखवलं. टाचेच्या जखमेचं आज विचारलं. तळ्याकाठची फुटकी बाटली, नऊ वर्षांची असताना. रक्त थांबेना तेव्हा हिच्या आईने स्वतःची ओढणी फाडून बांधली. सांगताना तीनदा दम लागला, तरी पूर्ण सांगितलं.

मग म्हणाली, "त्या पहिल्या वेळचं मी तुम्हाला मुद्दाम नव्हतं सांगितलं. शिक्षा म्हणून. तुम्हाला शिक्षा झालीय हे तुम्हाला कळलंच नाही कधी."

मी म्हटलं, "आता कळली."

"आता नको होती कळायला," ही म्हणाली आणि माझ्या तेलकट हाताचं बोट धरून ठेवलं.

४ मे, रविवार

पाणी कापसाने. मला ओळखते. मध्येच ओळखत नाही.

७ मे, बुधवार

धाकटी राहायलाच आली आहे. ही सकाळी स्पष्ट म्हणाली, "मला भिंतीकडे वळवा." वळवली. किती हलकी झालीय. मला एकट्याला जमलं.

११ मे, रविवार

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी गेली. धाकटी पायाशी होती, मी उशाशी. श्वास मोठा झाला, मग लांब लांब अंतराने, मग पुढचा आला नाही. आम्ही दोघं त्याची वाट बघत बसून राहिलो.

२४ मे, शनिवार

आज वाचनालयात गेलो. तुकडी सुटेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसलो. वैद्यबाई खाली आल्या आणि माझ्याशेजारी बसल्या. आधी त्याच म्हणाल्या, "फेब्रुवारीत तुमच्या नोंदी वाचल्या तेव्हाच मी तुमच्या घरी यायला हवं होतं. तुमच्या हो म्हणण्यावर राहिले. ती चूक माझी."

मी म्हटलं, "एकच विचारायचंय. माझ्यामुळे तिचे दिवस कमी झाले का?"

त्यांनी लगेच नाही म्हटलं नाही. विचार करून म्हटलं, म्हणून विश्वास बसला. "नाही. दिवस तेवढेच होते. तुपाने मळमळ वाढली, दुखलंही असेल. तेलाने बरं वाटत होतं, ते त्यांनी मला स्वतः सांगितलं."

"मग मी तिचं काय घेतलं?"

"जेवणं घेतलीत," त्या म्हणाल्या. "मार्चच्या सुरुवातीपर्यंत त्यांना चव होती."

आणखी थोडा वेळ बसून त्या गेल्या. वाटेत शिंपी दुकानातून बाहेर आला, झगे केव्हाचे तयार आहेत म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून आत गेला. मीच त्याच्यामागे आत जाऊन ते घेतले. त्याने घडी करून कागदात बांधून दिले.

मोजायचं नाही असं ठरवून घरी आलो आणि मोजलं. सत्तावीस जानेवारीपासून एकोणतीस मार्चपर्यंत बासष्ट दिवस, दिवसाला तीन. तीस तारखेची दोनच, संध्याकाळी तक्ता निघाला होता. एकशे अठ्ठ्याऐंशी. त्यातली चव होती तेव्हाची शंभराच्या वर.

पुन्हा मोजलं. तेवढंच आलं.